अंड्यापाशी किती अंश?

उबवणी पेटीच्या दारावरचा लाल आकडा चार दिवस ३१.५ दाखवत होता, आणि त्याच चार दिवसांत आतली अजगराची अंडी जवळपास ३५ अंश सेल्सिअसमध्ये होती. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे वायरचे टोक, मी अंड्यांच्या डब्याला चिकटपट्टीने लावला होता. दमट हवेत ती पट्टी सुटली, प्रोब घरंगळून पेटीच्या तळाशी गेला, आणि तळाचे तापमान ३१.५ राखण्यासाठी यंत्र वरची हवा इमानेइतबारे तापवत राहिले. अठराव्या दिवशी दार उघडले होते तेव्हा सारे ठीक होते. बाविसाव्या दिवशी उघडले तेव्हा तोंडावर आलेली वाफच वेगळी लागली. त्या सहा फलित अंड्यांपैकी दोन पुढच्या पंधरवड्यात बसकी होऊन सडली, एका अंड्यातून पाठीचा कणा दोन ठिकाणी वाकलेले पिल्लू निघाले आणि तीन पिल्ले धडधाकट निघाली. कणा वाकण्यामागे इतर कारणेही असू शकतात, हे मला पशुवैद्यांनी समजावून सांगितले. पण त्या चार दिवसांचा जमाखर्च माझ्याच नावावर आहे, असे मी धरून चालते. त्यानंतरचा एक हंगाम मी जोडी लावली नाही. पुढे लिहिले आहे ते त्याच्या पुढच्या हंगामाचे, म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रयत्नाचे.

माझ्याकडे आहेत ते बॉल पायथन. घाबरला की डोके मध्यभागी दडवून अंगाचा घट्ट चेंडू करणारा हा लहान अजगर मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला असून त्याचे शास्त्रीय नाव पायथन रेजियस आहे. पूर्ण वाढलेली मादी साधारण १२० ते १५० सेंटिमीटर लांब होते, नर त्याहून लहान राहतो. रानात तो दिवसाचा बराच वेळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो, आणि मादी अंडीही अशाच जागी घालते. बिळातली हवा दमट असते, तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. उबवणीची सगळी खटपट म्हणजे त्या बिळाची नक्कल होय. ही जात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे नर आणि मादी दोघेही बंदिवासात जन्मलेले असल्याची कागदपत्रे आणि स्थानिक कायद्याला लागणाऱ्या नोंदी हाती असल्याशिवाय प्रजननाचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहूनही आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. हा प्राणी चांगल्या देखभालीत वीस-तीस वर्षे जगतो. पाच-सहा पिल्ले जन्माला घालायची तर ती तितकी वर्षे कोण सांभाळणार? मी जोडी लावण्यापूर्वी तीन पिल्लांसाठी माणसे ठरवून ठेवली होती, आणि बाकीची कोणीच नेली नाहीत तर ती ठेवायला रॅकमध्ये जागा मोकळी केली होती.

जोडी निवडताना मी रंगांच्या मागे लागले नाही. बॉल पायथनमध्ये रंग व नक्षीच्या असंख्य आनुवंशिक तऱ्हा पाळणाऱ्यांनी तयार केल्या आहेत आणि त्यांतल्या काही खरोखर सुंदर आहेत. पण स्पायडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तऱ्हेतले साप डोके डुगडुगवतात, काही तर उलटे होऊन पडतात. या तऱ्हेच्या सापांच्या आंतरकर्णातच विकृती असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नक्षी आणि व्यंग एकाच जनुकाबरोबर येत असेल, तर ती नक्षी मला नको. माझी मादी साध्या, रानातल्यासारख्या रंगाची आहे, नर पेस्टल, म्हणजे जरा उजळ पिवळसर तऱ्हेचा, आहे.

ऑक्टोबरमध्ये मादीचे वजन १,८२० ग्रॅम होते आणि तिला पाचवे वर्ष सरत आले होते. दीड किलोखालच्या मादीला जोडी लावू नये हा पाळणाऱ्यांमधला प्रचलित दंडक मला पटतो, कारण पुढचे कित्येक महिने ती खाणे जवळजवळ सोडून देते आणि अंगातली चरबी अंड्यांत ओतते. नर ७४० ग्रॅमचा होता, आणि नराला तेवढे पुरते. दोघांच्या विष्ठेची तपासणी, तोंडात चिकट लाळ किंवा श्वासाची घरघर नाही याची खात्री, आणि खवल्यांखाली माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक किडे, नाहीत हे पाहणे, या गोष्टी आधीच उरकल्या होत्या.

नोव्हेंबरच्या मध्यापासून खोलीचे रात्रीचे तापमान मी २८ वरून २५-२६ अंशांपर्यंत उतरू दिले, मात्र साप राहतात त्या टबच्या एका टोकाची ३२ अंशांची उबदार जागा तशीच ठेवली. हे गारवणे अनिवार्य आहे की नाही यावर पाळणाऱ्यांत दुमत आहे; माझ्याकडे ते केल्यावर नराची हालचाल वाढली, एवढेच मी सांगू शकते. नराला मादीच्या टबमध्ये दोन-तीन दिवस ठेवायचे, मग बाहेर काढून आठ-दहा दिवस विश्रांती आणि खाणे द्यायचे, असा क्रम मी फेब्रुवारीपर्यंत चालवला. अवस्कराच्या, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या उत्सर्गद्वाराच्या, दोन्ही बाजूंना, मागच्या पायांचे अवशेष म्हणून राहिलेली जी लहान नखे असतात, त्यांनी तो मादीचे अंग खरवडत राही, आणि सकाळी पाहावे तो दोघांच्या शेपट्या एकमेकींत पिळलेल्या असत. अशा जोड्या मी सहा वेळा टिपल्या, शेवटची २० फेब्रुवारीला. या तारखेवरून अंड्यांचा दिवस मोजायला जाऊ नये, कारण मादी नराचे बीज शरीरात दीर्घकाळ साठवू शकते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईच्या प्राणीसंग्रहालयातल्या सुमारे ६२ वर्षांच्या बॉल पायथन मादीने सात अंडी घातली, तेव्हा किमान पंधरा वर्षांत ती कोणत्याही नराच्या जवळ गेलेली नव्हती. आणि नराशिवायच पिल्ले होण्याची, म्हणजे अनिषेकजननाची, उदाहरणेही या जातीत नोंदलेली आहेत.

मोजायचे ते अंडोत्सर्गापासून, म्हणजे मादीच्या अंडाशयातून बीजांडे सुटतात त्या दिवसापासून. जानेवारीअखेर मादीचे वजन १,९६० ग्रॅमवर गेले आणि तिने उंदीर घेणे थांबवले. ती टबच्या गार टोकाला जाऊन पाण्याच्या भांड्याला वेढा घालून पडू लागली, आणि मधूनच पोटाचा मागचा भाग उताणा करून ठेवू लागली. ९ मार्चला सकाळी झाकण सरकवले तेव्हा तिच्या अंगाचा मधला भाग असा टम्म फुगला होता, की कोणी न सांगता तिला मोठा ससा खाऊ घातला असावा असे वाटावे. हा फुगवटा सहसा दिवसभरच टिकतो आणि बऱ्याच वेळा नजरेतून निसटतो. मला तो दिसला हा योगायोग. दुसऱ्या दिवशी तो उतरला होता, आणि त्यानंतर ती गार टोक सोडून उबदार टोकाला चिकटली. २७ मार्चला तिने कात टाकली. अंडोत्सर्गानंतरची ही कात फार उपयोगाची, कारण तिच्यापासून साधारण तीस दिवसांनी अंडी येतात. मी कॅलेंडरवर २६ एप्रिलभोवती गोल केला आणि पेटीकडे वळले.

या वेळी विकतची पेटी घेतली नाही. पहिल्या वर्षीची पेटी नामांकित म्हणून घेतली होती, पण तिचा पडदा खऱ्या तापमानापेक्षा १.४ अंश कमी दाखवत होता आणि विक्रेत्याने ते शेवटपर्यंत मान्य केले नाही. तो वाद मी सोडून दिला. बंद पडलेल्या लहान फ्रीजच्या कपाटात आतल्या दोन्ही बाजूंना हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी, वर संगणकातला छोटा पंखा आणि तळाशी पाण्याने भरलेल्या सहा बाटल्या, अशी पेटी घरीच उभी केली. बाटल्यांचे काम तापमानाला जडपणा देणे हे असते. हवा मिनिटात तापते आणि मिनिटात निवते, पाणी तसे करत नाही. थर्मोस्टॅट मात्र चांगला घेतला, जो वीज पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद न करता, लागेल तितक्याच प्रमाणात सोडतो.

खरे काम त्यानंतरचे होते. माझ्याकडे दोन डिजिटल थर्मामीटर होते आणि दोन्ही एकाच ठिकाणी वेगवेगळे बोलत होते. कोणाचे ऐकायचे? बर्फ बारीक ठेचून तो जेमतेम बुडेल इतके पाणी घातले, पाच मिनिटे ढवळले आणि दोघांचे प्रोब त्यात सोडले. असे मिश्रण शून्य अंशाला स्थिर राहते. एकाने ०.१ दाखवले, दुसऱ्याने १.२. मग कोमट पाण्यात ताप मोजायचा थर्मामीटर आणि हे दोघे एकत्र धरले: ताप मोजायचा ३६.८ म्हणाला, पहिला ३६.९, दुसरा ३७.९. म्हणजे दुसरा सगळीकडेच एका अंशाहून थोडा पुढे चालत होता. मी त्याच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून "एक अंश वजा" असे लिहिले आणि पहिल्याला प्रमाण मानले. पाळणाऱ्यांच्या गप्पांत ३१.५ की ३२ यावर तासन्तास वाद चालतात. ज्या थर्मामीटरवर ते वाचले तो किती चुकतो, हे मात्र फार थोडे लोक सांगू शकतात.

अंड्यांच्या जागी, त्याच आकाराच्या डब्यात, पाणी भरलेले फुगे ठेवून पेटी दहा दिवस रिकामी चालवली. वरच्या कप्प्यात आणि खालच्या कप्प्यात पहिल्या दिवशी १.३ अंशांचा फरक होता; पंख्याची दिशा बदलल्यावर तो ०.३ वर आला. थर्मोस्टॅटचा प्रोब या वेळी चिकटपट्टीने लावला नाही, तर डब्याच्या भिंतीला भोक पाडून आत घेतला आणि दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळला, म्हणजे त्याचे टोक अंड्यांच्या उंचीवर, त्यांच्यापासून बोटभर अंतरावर राहील. दुसऱ्या प्रोबवर गजर लावला: ३०.५ च्या खाली किंवा ३२.५ च्या वर गेले की वाजणारा.

डब्याच्या तळाशी ओल्या परलाइटचा, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या पांढऱ्या खड्यांचा, थर दिला. परलाइट आणि पाणी वजनाने जवळपास समसमान घेतले, मुठीत दाबल्यावर एखादा थेंब निघावा, धार लागू नये, इतपत. त्यावर प्लास्टिकची जाळी ठेवली, म्हणजे अंडी ओलाव्याला थेट टेकणार नाहीत आणि त्यांच्याभोवतीची हवा मात्र दमटच राहील. झाकणाच्या आतल्या बाजूला साचणारे दव थेट अंड्यांवर टपकू नये म्हणून मी अंड्यांच्या वर एक पातळ पारदर्शक पत्रा तिरका बसवला. थेंब त्यावरून ओघळून कडेला जातात. पहिल्या वर्षी एका अंड्यावर नेमके असे पाणी ठिबकत राहिले होते आणि तिथल्या कवचावर करडा, पारभासक डाग पडला होता. ते अंडे सडलेल्या दोघांपैकी एक.

२५ एप्रिलला पहाटे मादीने अंडी घातली. मी टब उघडला तेव्हा ती अंड्यांभोवती शंखासारखी वर चढत गेलेली वेटोळी घालून, डोके अगदी शिखरावर ठेवून बसली होती, आणि तिच्या दोन वेटोळ्यांच्या फटीतून एका अंड्याचा पांढरा, अजून ओलसर भाग दिसत होता. इथे मादीलाच अंडी उबवू द्यावीत, हा पर्याय असतो आणि काही जाणते लोक तो निवडतात. अजगराच्या मादीचे हे बसणे विज्ञानाला बरेच उशिरा पटले. अंड्यांवर बसलेली मादी अंग तापवते, असे लामार-पिको या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८३२ मध्ये पॅरिसला सांगितले, तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १८४१ मध्ये तिथल्याच प्राणीसंग्रहालयात प्राणिशास्त्रज्ञ व्हालांसियेन यांनी मादीचे तापमान प्रत्यक्ष मोजले, आणि १९६६ मध्ये बर्मी अजगराच्या मादीवरच्या मोजमापांनी हे सिद्ध केले, की स्नायूंच्या लयबद्ध आचक्यांनी ती उष्णता निर्माण करते. बॉल पायथनची मादी मात्र अशी थरथरत नाही. तिची वेटोळी मुख्यतः अंड्यांतले पाणी उडू देत नाहीत, आणि उष्णता जागेचीच असावी लागते. माझी मादी जवळपास तीन महिने उपाशी होती, तिला आणखी दोन महिने उपाशी ठेवायचे आणि जागेची उष्णता तरीही मीच सांभाळायची, यात मला अर्थ दिसला नाही.

अंडी काढताना दोन माणसे लागतात. बहिणीने मादीचे डोके एका मऊ टॉवेलखाली हलकेच धरले आणि मी शेपटीकडून एकेक वेटोळे सोडवत गेले. ती चावली नाही, पण सोडवलेले वेटोळे मी हात काढला की पुन्हा मिटत होते. "ताई, ती देतच नाहीये," बहीण कुजबुजली, आणि खरोखरच शेवटचे वेटोळे उलगडायला दहा मिनिटे गेली. सात अंडी होती. त्यांतले एक बोटाएवढे, पिवळट, मेणचट, म्हणजे अफलित. ज्याला सगळे स्लग म्हणतात ते. उरलेल्या सहांपैकी पाच एकमेकांना चिकटलेली होती आणि एक सुटे. चिकटलेली अंडी ओढून वेगळी करायची नाहीत. त्या नादात कवच फाटते. मी गठ्ठा होता तसाच, त्याच बाजू वर ठेवून उचलला, आणि प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर साध्या पेन्सिलीने फुली केली. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्हीकडून धरून ठेवणारे पीळदार दोर असतात, म्हणून कोंबडी अंडी फिरवू शकते. सापाच्या अंड्यात ते नसतात. भ्रूण लवकरच वरच्या आवरणाला चिकटतो आणि नंतर अंडे उलटले तर त्याच्यावर बलकाचा भार येऊन तो दगावू शकतो. पाच अंड्यांच्या गठ्ठ्याचे वजन ४२८ ग्रॅम भरले, सुट्याचे ८४.

अंधाऱ्या खोलीत छोटी विजेरी कवचाला टेकवली तेव्हा आतून गुलाबी उजेड पसरला आणि त्यात लाल शिरांचे जाळे दिसले, एखाद्या पानाच्या शिरा उन्हाकडे धरून पाहाव्यात तसे. सहाही अंड्यांत शिरा होत्या. गठ्ठ्याच्या मधल्या अंड्यातल्या जरा विरळ होत्या. मी वहीत तेवढे लिहून ठेवले.

तिथून पुढे दीड महिना सांगण्यासारखे फार काही घडले नाही. अंड्यापाशी ३१.५ अंश, डब्यातली हवा जवळजवळ संपृक्त दमट. आठवड्यातून एकदा झाकण मिनिटभर उघडून हवा बदलायची आणि शेवटच्या तीन आठवड्यांत दोनदा, कारण पिल्ले मोठी होत जातात तसा त्यांना लागणारा प्राणवायू वाढतो. मला एकाने विचारले होते, की तापमान थोडे वाढवले तर माद्या जास्त होतील का. कासवांच्या बऱ्याच जातींत आणि मगरींत तसे होते; अजगरांत लिंग गुणसूत्रांवर ठरते, तापमानावर नाही. इथे तापमान वाढवून मिळते ते वाकडे कणे.

तेहतिसाव्या रात्री वीज गेली आणि चार तास आली नाही. गजर वाजला, मी पेटीपुढे खुर्ची टाकून बसले, आणि दार उघडून गरम पाण्याच्या बाटल्या आत सरकवाव्यात असे दहादा मनात आले. उघडले नाही. दार एकदा उघडले असते तर जितकी ऊब बाहेर गेली असती, तितकी बंद पेटीने तळाच्या पाण्याच्या बाटल्यांच्या जोरावर तासभर धरून ठेवली. वीज आली तेव्हा आकडा २९.६ होता. काही तासांचा असा गारवा अंडी सहज सोसतात, उबवणी थोडी लांबते इतकेच. दोन-तीन अंश वरचे मात्र सोसत नाहीत. म्हणून मी गजराची वरची मर्यादा खालच्या मर्यादेपेक्षा जास्त गांभीर्याने घेते.

मधले, विरळ शिरांचे अंडे चाळिसाव्या दिवशी पिवळे पडले आणि त्याच्यावर हिरवट बुरशी धरली. ते काढायला गेले असते तर शेजारची दोन्ही फाटली असती, म्हणून तिथेच राहू दिले, बुरशी कापसाने दर दोन दिवसांनी टिपली. जिवंत अंड्यांवर ती पसरली नाही. पंचेचाळिसाव्या दिवसापासून उरलेल्या अंड्यांवर खळगे पडू लागले. पहिल्या वर्षी याच टप्प्यावर मी घाबरून परलाइटमध्ये पाणी ओतले होते. या वेळी आधी परलाइट चिमटीत धरून पाहिले, ते ओलसर होते, म्हणून काही केले नाही. शेवटच्या दोन आठवड्यांतले खळगे ठरलेलेच असतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पडले असते, तर पाणी कमी पडते आहे असा त्याचा अर्थ झाला असता.

छपन्नाव्या दिवशी, २० जूनला संध्याकाळी, सुट्या अंड्याच्या कवचावर ब्लेडने ओढावी तशी एक सरळ चीर दिसली, तिच्याशेजारी दुसरी, आणि त्या दोन्हींच्या मधून तांदळाच्या दाण्याएवढे ओले नाकाड. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक बारीक अंडदंत असतो, कवच तो चिरतो आणि काही दिवसांत गळून पडतो. मी वाकले तसे नाकाड आत गेले आणि चिरेच्या तोंडाशी एक बुडबुडा उरला. चीर पडली म्हणून पिल्लू बाहेर आले पाहिजे असे नाही. दिवस-दीड दिवस ते तसेच डोके बाहेर काढून बसते, उरलेला बलक पोटात ओढून घेते, आणि या काळात त्याला ओढून काढले तर बलकाची पिशवी फाटून ते मरू शकते.

दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत पाचपैकी चार अंडी चिरली गेली. पाचवे तसेच होते. काही पाळणारे पंचावन्नाव्या दिवशीच सगळी अंडी कात्रीने उघडतात, नक्षी पाहायची घाई हे त्यामागचे बऱ्याचदा खरे कारण असते, आणि मला ते आवडत नाही. पण पहिली चीर पडून चाळीस तास उलटले आणि पाचव्यात काहीच हालचाल दिसेना, तेव्हा मी बोथट टोकाची बारीक कात्री उकळत्या पाण्यातून काढून, फुलीपाशी कवच चिमटीने वर उचलून, बोटाच्या नखाएवढी खिडकी कापली. आतल्या पातळ आवरणातल्या एकाही ठळक शिरेला धक्का लागू दिला नाही. खिडकीतून काळ्या-तपकिरी नक्षीचे एक वळण दिसले. मी कात्रीच्या पाठीने कवचाला हलकेच टिचकी दिली, आणि ते वळण सरकले. झाकण लावून मी बाहेर गेले. ते पिल्लू सगळ्यांत शेवटी, २४ जूनला दुपारी, आपल्याच चिरेतून बाहेर आले. मी केलेल्या खिडकीतून नाही.

पाच पिल्ले, वजने ५१ ते ६६ ग्रॅम, पाचही कणे मी बोटांखालून शेपटीपर्यंत चाचपून पाहिले. प्रत्येकाला वेगळा छोटा टब, तळाशी ओला टिश्यू पेपर, पाण्याची वाटी आणि लपायला पुठ्ठ्याचा डबा दिला. पहिली कात आठ-दहा दिवसांनी पडते आणि तोवर ती पोटातल्या बलकावर राहतात, म्हणून खाणे देण्याची घाई केली नाही. ४ जुलैपासून गोठवलेली, वितळवून ऊनऊन केलेली उंदराची पिल्ले चिमट्याने धरून देऊ लागले. तीन पिल्लांनी पहिल्याच वेळी घेतली, चौथ्याने तिसऱ्या वेळी. खिडकीवाले पाचवे पिल्लू सहा वेळा चेंडू करून बसले. सातव्या वेळी, २ ऑगस्टला, उंदराचे डोके जरा जास्त कोमट करून मी ते त्याच्या लपण्याच्या डब्याच्या तोंडाशी ठेवून दिवा मालवला, आणि सकाळी तिथे काही नव्हते.

मादीचे वजन अंडी घातल्यावर १,२६० ग्रॅम भरले. तिचा टब धुऊन, तिला कोमट पाण्याने अंघोळ घालून अंड्यांचा वास काढला, तेव्हा आठवड्याभरात तिने पहिला उंदीर घेतला. डिसेंबरपर्यंत ती १,५८० वर आली. दंडकाप्रमाणे हे वजन जोडी लावायला पुरेसे होते, आणि नरही पुन्हा येरझाऱ्या घालू लागला होता. पण पाठीवर हात फिरवला की कण्याची कड अजून लागत होती, म्हणून तो हंगाम मी तिला सुट्टी दिली आणि पेटीची वायर काढून ठेवली.